कमी बोलणाऱ्यांसाठी

ओस्मोनकुलने फोन काउंटरवर ठेवला, पण त्याच्यावरचा हात काही उचलला नाही.

"बघ जरा," तो क्लाराला म्हणाला. "हा माझे पैसे कुठे घालतो ते बघ."

क्लाराचं दुकान म्हणजे कोचकोरच्या बाजारात चपलांचा गाळा आणि बी-बियाण्यांचा गाळा यांच्यामध्ये दाबून बसवलेली काचेची टपरी. आत ती, पायाशी विजेची शेगडी आणि भिंतीवर ओळीने लावलेली सिमकार्डं. बाहेर वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती.

"हात काढाल तर बघते, काका."

त्याने हात काढला. नजर मात्र तिच्या बोटांवर ठेवली. क्लाराने दोन-चार बटणं दाबली आणि फोन त्याच्याकडे फिरवला. "अकरा सोम शिल्लक आहेत."

"गेल्या बाजाराला तूच शंभर भरलेस."

"मग बोलला असाल."

"मी? मी कोणाशी बोलणार? माझ्या ओळखीतले निम्मे मशिदीच्या भिंतीला टेकून बसलेले असतात आणि निम्मे त्या भिंतीमागे पुरलेत. दोघांनाही फोन लागत नाही."

क्लारा हसली. तिचा सोन्याचा दात दिसला. ओस्मोनकुल हसला नाही.

"माझा मुलगा मॉस्कोहून फोन करतो," तो म्हणाला. "दर शुक्रवारी. तो आला की तुम्ही इकडून माझे कापता. खरं सांग."

"आलेल्या फोनचे पैसे पडत नाहीत, काका. करणाऱ्याला पडतात."

"तेच म्हणतो मी. त्याला पडतात ते पडू देत, तो कमावतो. इतरांची पोरं मिस कॉल देतात आणि बापाला करायला लावतात. माझा रिसबेक तसला नाही." त्याने टोपी मागे सारली. "मग माझे कुठे जातात?"

"घरात आणखी कोण वापरतं?"

चपलांच्या गाळ्यावर कोणीतरी भाव पाडून मागत होतं, तिकडे त्याने पाहिल्यासारखं केलं. "सून आहे," तो म्हणाला. "तिला कोणाला करायचाय फोन?"

क्लाराने त्याला योजना समजावून सांगायला घेतल्या. एकीत बोला न बोला, रोजचे ठरलेले पैसे कापले जायचे. दुसरीत महिन्याचे एकदम. तिसरीत जेवढं बोलाल तेवढेच; न बोललात तर काही नाही.

"ही बघा, कमी बोलणाऱ्यांसाठी."

"हिच्यात खोट काय?"

"खोट काही नाही. मिनिटाला थोडं जास्त पडतं एवढंच."

"बघ. निघाली ना."

ओस्मोनकुलने आयुष्यभर कोल्होजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, लोकरीच्या वजनकाट्यावर नोकरी केली होती. लोक रात्रभर लोकर दवात ठेवायचे, पोत्याच्या तळाशी वाळू घालायचे, दगड घालायचे. एकाने तर एकदा आख्खं मेलेलं मांजर घातलं होतं. पोतं काट्यावर चढायच्या आधी ओस्मोनकुलचा हात कोपरापर्यंत आत जायचा, आणि कुठे पाणी मुरतंय ते बोटांना कळायचं. कोल्होज गेलं, काटा भंगारात गेला, हाताची सवय काही गेली नाही. दुकानदाराने नान दिला तर तो उलटून बघायचा.

तरी शेवटी ती तिसरी योजना त्याने घेतली. क्लारा बटणं दाबता दाबता थांबली.

"परदेशी फोन चालू आहेत यावर. ठेवायचे?"

"मी कशाला करू परदेशी? तो करतो."

"बंद केले तर बरंच. चुकून कोणाचं बोट लागलं तरी पैसे जायचे नाहीत."

कोणाचं बोट. ओस्मोनकुलच्या मनात ते बोट रुतून बसलं.

"कर बंद."

क्लाराने फोन हातात धरला, पण बटण दाबलं नाही. "काका, एकदा घरी विचारून घ्या ना. सुनेला."

"फोन कोणाच्या पासपोर्टवर आहे? माझ्या की तिच्या?"

"तुमच्या."

"मग झालं तर."

परतीच्या व्हॅनमध्ये तो खिडकीशी बसला. शेजारी एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. सुनेला विचारा असं क्लारा का म्हणाली, या एकाच गोष्टीभोवती त्याचं मन गाव येईपर्यंत फिरत राहिलं. बाजारातल्या टपरीवालीला त्याच्या सुनेशी काय करायचं होतं?

*

केंजेगुल चार वर्षांपूर्वी सून होऊन या घरात आली, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात रिसबेक मॉस्कोला बांधकामावर गेला. मधे एकदा येऊन गेला. मूलबाळ झालं नव्हतं. पैसे आधी दर महिन्याला यायचे, मग अधूनमधून. कामं थंडावली आहेत, असं तो फोनवर म्हणायचा. तेव्हा गावात बटणांचेच फोन होते, आणि रशियात गेलेल्यांची तोंडं दिसत नसत, नुसते आवाज यायचे.

ओस्मोनकुलची बायको या सगळ्याच्या आधीच गेली होती. घरात ही दोघं, दोन गाई आणि एक वासरू. केंजेगुल पहाटे उठायची, धारा काढायची, दुधाची गाडी आली की कॅन देऊन यायची, भाकरी भाजायची, उरलेल्या वेळात विकायला लोकरीच्या नमद्याचे तुकडे शिवायची. डोक्यावरचा रुमाल कधी ढळायचा नाही, आवाज कधी चढायचा नाही. गावात लोक म्हणायचे, ओस्मोनकुलचं नशीब. तो मान डोलवायचा, आणि मनात म्हणायचा, इतकी चांगली का आहे?

काट्यावरची माणसं अशीच असत. ज्याच्या पोत्यात दगड असे तोच सगळ्यात गोड बोलत असे.

आता एकेक गोष्ट त्याला आठवायला लागली. फोन नेहमी तिच्याकडे स्वयंपाकघरात असायचा, कारण त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि वाजला तरी समजत नसे. मधेच ती फोन घेऊन गोठ्यात जायची. तिथे लागतो, घरात लागत नाही, म्हणायची. एकदा तो मागच्या बाजूने गेला तेव्हा ती गाईच्या पाठीला टेकून हळू आवाजात बोलत होती. त्याला पाहिल्याबरोबर गप्प झाली. "आईचा फोन होता," असं म्हणाली. आई तिची डोंगरापलीकडे, आणि तिच्याकडे तर फोनच नव्हता, शेजाऱ्यांचा होता.

आणि तो दूधवाला. सामत नावाचा, गाडीत मोठ्याने गाणी लावणारा. कॅन उचलताना केंजेगुलला काहीतरी बोलायचा आणि ती रुमालाच्या टोकाआड हसायची. काय बोलायचा ते ओस्मोनकुलला ऐकू यायचं नाही. चांगला कान खिडकीकडे करूनही.

त्या संध्याकाळी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने फोन तिच्याकडे सरकवला.

"योजना बदलून आणली," तो म्हणाला. "आता न बोलणाऱ्याला काही पडणार नाही."

"बरं झालं, बाबा."

"जो बोलेल त्याचं लगेच कळेल."

किटलीची धार क्षणभर तुटली आणि पुन्हा सुरू झाली. "बरं, बाबा," ती म्हणाली.

परदेशी फोन बंद केल्याचं त्याने सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं काही आहे असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

*

शुक्रवारी नमाज झाल्यावर म्हातारे मशिदीच्या उन्हाच्या भिंतीला बसत. ओस्मोनकुल तिथे फार वेळ थांबत नसे. "फोन येईल," म्हणून उठायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. त्या शुक्रवारीही म्हणाला.

घरी येऊन तो गादीवर बसला. केंजेगुल फोन घेऊन गोठ्यात गेली, परत आली. पुन्हा गेली. या वेळी बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं आणि फोन तिने छातीशी धरला होता.

"आला नाही?"

"नाही, बाबा. कामावर असेल."

"शुक्रवारी तर दुपारी सुटी असते त्याला."

"असेल काहीतरी."

पुढच्या शुक्रवारीही आला नाही. ओस्मोनकुल क्लाराने शिकवलेली बटणं दाबून शिल्लक बघायचा. एकही सोम कमी झाला नव्हता. त्याला चोर पकडल्याचं समाधान वाटायचं. पैसे जायचे थांबले होते. मुलाचा फोनही थांबला होता. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्याने तिसरंच ठरवलं: केंजेगुलने नवऱ्याला काहीतरी उलटसुलट सांगितलं असणार, किंवा भांडण काढलं असणार. नाहीतर क्लाराने लाइन बिघडवली असणार. किंवा दोघी मिळून.

"काय रे, राजपुत्राचा फोन आला का?" त्यानंतरच्या शुक्रवारी भिंतीपाशी त्याच्या शेजारच्या तोलोगोनने विचारलं. तोलोगोन शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून त्याला लोकांना चिडवण्याशिवाय काम नव्हतं.

"आला की," ओस्मोनकुल म्हणाला. "बराच वेळ बोलला."

खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. घरी येईपर्यंत कानाच्या पाळ्या गरम होत्या.

केंजेगुल दारातच उभी होती. असं ती कधी उभी राहत नसे.

"बाबा, बाजारात फोनचं काय करून आणलंत तुम्ही?"

"का?"

"काहीतरी बिघडलंय. लागत नाही."

"लागत नाही?" ओस्मोनकुलने बूट काढता काढता मान वर केली. "येणारा फोन लावावा लागतो की काय? तुला कोणाला लावायचा होता?"

तिने ओठ मिटले. आता सांगून टाकेल, असं त्याला वाटलं, आणि तो थांबला, जसा काट्यावर थांबायचा, पोत्यात हात घालून.

"कोणाला?"

"कोणाला नाही."

"त्या दूधवाल्याशी बोलायचं असेल तर त्याला फोन कशाला हवा? रोज सकाळी येतोच की दारात."

केंजेगुलने चार वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. मग ती वळली, किटली उचलली आणि त्याच्या वाडग्यात चहा ओतला. नेहमी अर्ध्यावर थांबायची. आज ओततच राहिली, काठोकाठ, चहा बशीत सांडेपर्यंत. भरलेला वाडगा पाहुण्यापुढे ठेवला तर त्याचा अर्थ, प्या आणि उठा. घरच्या धन्यापुढे तो कोणी ठेवत नाही.

ओस्मोनकुलने तो उचलला नाही. उचलला असता तर हातावर सांडला असता.

*

दुसऱ्या दिवशी त्याने फोन खिशात घातला आणि तोलोगोनकडे गेला. तोलोगोन अंगणात सफरचंदाच्या झाडाच्या वाळक्या फांद्या कापत होता.

"तुझा फोन दे जरा. माझा चार्ज नाही."

"तुझा राजपुत्र करतो ना रोज?"

"शुक्रवारी करतो. आज शनिवार आहे. देतोस की नाही?"

तोलोगोनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चिडवायचं सोडून चष्मा लावला. ओस्मोनकुलच्या फोनमध्ये रिसबेकचं नाव होतं. त्यातला आकडा पाहून तोलोगोनने आपल्या फोनवर दाबला. मघा हाच फोन चार्ज नाही म्हणाला होता, हे तोलोगोनच्या लक्षात आलं असणार. वाजायला लागल्यावर फोन म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि करवत घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

ओस्मोनकुलने चांगल्या कानाला फोन लावला. तिकडे उचलला गेला. एका बाईचा आवाज आला, रशियन बोलणारा. ओस्मोनकुलला रशियन येत होती. फौजेत शिकला होता.

"केंजेगुल? तूच ना?" बाई म्हणाली. "तुमच्याकडचा नंबर दिसतोय म्हणून म्हटलं. नंबर बदललास?"

ओस्मोनकुलने फोन कानावर आणखी दाबला.

"तीन शुक्रवार झाला नाही तुझा फोन. मला वाटलं, थकलीस एकदाची. हॅलो? हे बघ, फोन घरी ठेवून रिसबेक कामावर गेलाय. शुक्रवारीच करत जा, आपलं ठरलंय तसं. म्हाताऱ्याशी पाच मिनिटं बोलेल तो, मी काही अडवत नाही. पण असं मधेच नको करू. बाळ आत्ताच झोपलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. रात्रभर जागलेल्या माणसाचा असतो तसा आवाज होता. "ऐकू येतंय का तुला? तो स्वतःहून करणार नाही, केंजेगुल. मी सांगून बघितलं. लाज वाटते म्हणतो."

मागे कुठेतरी लहान मूल कुरकुरलं. बाईने "आले, आले" म्हटलं, आणि फोन बंद झाला.

ओस्मोनकुल फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. अंगणाच्या त्या टोकाला करवत चालत होती. थोड्या वेळाने ती थांबली.

"लागला का?" तोलोगोनने विचारलं.

"लागला."

"काय म्हणतो?"

"कामावर आहे."

तोलोगोनने फोन परत घेतला. त्याने कापलेल्या फांद्यांचा भारा बांधला आणि न विचारता ओस्मोनकुलच्या खांद्यावर दिला. "चुलीला होतील," म्हणाला.

भारा खांद्यावर घेऊन ओस्मोनकुल सरळ घरी गेला नाही. कालव्याच्या कडेने जुन्या काट्याच्या जागेपर्यंत चालत गेला. तिथे आता नुसता सिमेंटचा ओटा होता आणि त्यावर कोणाची तरी बकरी बसली होती. दर शुक्रवारी केंजेगुल एप्रनला हात पुसत यायची, "बाबा, रिसबेकचा फोन आलाय" म्हणायची, आणि तो फोन घेऊन गुडघ्यावर हात ठेवून बसायचा, गव्हाचं सांगायचा, वासराचं सांगायचा. ती दाराशी उभी राहायची. बोलणं झालं की फोन घेऊन जायची. तिला कधी, "तूही बोल," असं तिकडून कोणी म्हटलं नव्हतं, आणि इकडून त्यानेही नाही.

गोठ्यात उभी राहून, त्या बाईला विचारून, त्याच्या मुलाला फोनवर बोलवून घ्यायची. आणि मग गोठ्यापासून दारापर्यंत चालत यायची, फोन आलाय म्हणत.

तिला कधीपासून माहीत होतं? ते मूल किती मोठं असेल? हे विचारायचं कोणाला, ते त्याला सुचेना. बकरीने त्याच्या भाऱ्यातली एक डहाळी ओढली आणि चघळायला लागली. त्याने ओढू दिली.

*

"परदेशी फोन चालू कर," तो क्लाराला म्हणाला. या वेळी त्याने फोन काउंटरवर ठेवून हात लगेच मागे घेतला.

"पण काका, तुमच्या या योजनेत रशियाला फार महाग पडेल. तुम्ही कमी बोलणारे..."

"रशियाला स्वस्त पडेल असं काही आहे का? शुक्रवारी, थोडाच वेळ."

"आहे की. त्याच्यात इथल्या इथे बोलायलाही फार पडत नाही." क्लाराने एक कागद पुढे केला. "पासपोर्ट आणलाय?"

त्याने आणला होता. यात खोट काय, असं त्याने विचारलं नाही. क्लाराला ते जाणवलं असावं. ती त्याच्याकडे दोनदा बघून मग लिहायला लागली.

"कोण बोलणार? तुम्ही?"

"नाही. सून."

क्लाराचं पेन थांबलं. "ती आली होती," ती हळूच म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात. हीच योजना हवी होती तिला. ज्याच्या नावावर फोन त्याचा पासपोर्ट लागतो म्हटल्यावर परत गेली. घरून मागून आण म्हटलं, तर नुसती हसली. त्यानंतर नमद्याचे पैसे आले की माझ्याकडे येऊन भरून जायची, तुमच्या भरण्याच्या वर."

ओस्मोनकुलने मान हलवली. सही करायला त्याला थोडा वेळ लागला.

घरी आल्यावर त्याने फोन केंजेगुलच्या शिवणाच्या टोपलीत ठेवला.

"बाजारातल्या त्या बाईने काहीतरी भलतंच दाबून ठेवलं होतं," तो म्हणाला. "आता नीट झालाय."

त्या भरलेल्या वाडग्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिने सुई कापडात खोचली, फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बरं, बाबा."

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"भाकरी करपेल," ती म्हणाली आणि उठून गेली.

शुक्रवारी तो भिंतीपाशी थांबला नाही, आणि फोन येणार असंही म्हणाला नाही. घरी येऊन बसला. केंजेगुल गोठ्यात गेली. या वेळी त्याने खिडकीतून पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिची पावलं आली, अंगणातून, पायरीवरून, दारापर्यंत.

"बाबा, रिसबेकचा फोन आलाय."

त्याने घेतला.

"बाबा, कसे आहात?" रिसबेक म्हणाला. "मधे जमलंच नाही फोन करायला. काम फार होतं."

किती सहज म्हणाला. ओस्मोनकुल ऐकत राहिला. सगळं आयुष्य त्याचा हात लोकरीत ओल शोधत आला होता; आज या आवाजात ओलावा सापडतोय का म्हणून त्याने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

"घरी सगळे बरे आहेत ना?" त्याने विचारलं.

"घरी कोण, बाबा? मी एकटाच तर असतो."

"हं."

"तुमची तब्येत?"

"बरी आहे. केंजेगुल इथेच उभी आहे. तिला काही सांगायचंय?"

दाराशी तिने रुमालाचं टोक घट्ट धरलं. फोनमध्ये रिसबेकचा श्वास ऐकू येत होता.

"नको, बाबा. उगाच पैसे जातील."

"कोणाचे?" ओस्मोनकुलने विचारलं.

ओस्मोनकुलने उत्तराची वाट पाहिली नाही. "थंडीत नीट राहा," म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला. तिने तो बंद केला आणि नेहमीसारखी आत जायला निघाली.

"पोरी."

ती थांबली.

"पुढच्या शुक्रवारी लावू नकोस."

त्यातला एवढा एकच शब्द तिला पुरला. लावू. केंजेगुल पाठमोरीच उभी राहिली. मग हळूहळू दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. सासऱ्यापुढे ती अशी कधी बसली नव्हती.

"पहिल्यांदा वाटलं, एकदाच," ती म्हणाली. "त्याचे फोन थांबले तेव्हा तुम्ही जेवत नव्हतात. मग सवय झाली."

"त्याला वाटलं तर तो करेल."

"आणि नाही केला तर?"

"तर नाही केला."

बाहेर गाय हंबरली. तिने उठायची हालचाल केली, पण त्याने हाताने थांबवलं.

"फोन तुझ्याकडेच असू दे," तो म्हणाला. "या योजनेत इथल्या इथे बोलायला फार पडत नाही म्हणे. क्लाराने सांगितलंय. कोणाला लावायचा ते तू बघ. मला सांगायची गरज नाही."

"मी कोणाला लावू, बाबा?" तिचा आवाज फाटला होता आणि त्यात थोडं हसूही होतं. "माझ्या ओळखीचं कोण आहे?"

"आईला लाव. शेजाऱ्यांकडे. बोलावून आणतील." त्याने टोपी उचलली. "आणि मनात येईल तेव्हा तिच्याकडे जाऊन ये. हवी तितकी राहा. परत यायलाच हवं असंही नाही. गाईंचं मी बघतो."

केंजेगुलने त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं, चार वर्षांत दुसऱ्यांदा. मग मान खाली घालून एकेक बटण दाबू लागली. आकडा तिला पाठ होता. तिकडे कोणीतरी उचलला, आणि ती म्हणाली, "मी केंजेगुल बोलतेय, आईला हाक मारता का? नाही, नाही, काही झालं नाही. हो, थांबते मी. घाई नाही."

ओस्मोनकुल उठला, टोपी घातली आणि दार ओढून घेत बाहेर गेला. बाहेर त्याचं काही काम नव्हतं. तो अंगणात उभा राहिला, मग गोठ्यापर्यंत गेला, आणि आतलं बोलणं संपेपर्यंत तिथेच गव्हाणीतला चारा खालीवर करत राहिला.